डोंगरावरील एका रात्रीची शिदोरी

देवळ्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची कन्या परदेशी शिकत असून यंदा दिवाळीस घरी येणार आहे. परत गेल्यावर नाताळच्या सुटीत मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशी, आकातेनांगो नावाच्या ज्वालामुखी पर्वतावर, चार मैत्रिणींसह एक रात्र काढण्याचा तिचा बेत आहे. ‘तिजबरोबर काय काय द्यावे ते कृपा करून कळवावे. चकल्या व बेसनाचे लाडू तर देणारच आहे,’ असे त्या लिहितात. आणि सही झाल्यावर, तळाशी उरलेल्या जागेत, ‘मुळात जाऊ द्यावे की नाही, हेही सांगावे,’ एवढे आणखी एक वाक्य आहे. आमच्या मते पत्र लिहिण्याचे खरे कारण ते शेवटचे वाक्य होय. तथापि पहिल्या प्रश्नाचा नीट विचार केला असता दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते, म्हणून आम्ही सामानापासूनच आरंभ करतो.

ज्वालामुखी हा शब्द उच्चारल्याबरोबर आईच्या डोळ्यांपुढे अग्नी उभा राहतो. ते साहजिक आहे, परंतु आकातेनांगोची गोष्ट थोडी निराळी आहे. १९७२ नंतर तो स्वतः शांत आहे. आग ओकतो तो त्याच्या खांद्याला लागून असलेला त्याचा शेजारी फुएगो. स्पॅनिश भाषेत फुएगो म्हणजे अग्नीच. प्रवासी दुपारपर्यंत आकातेनांगोच्या अंगावरील तळावर पोहोचतात आणि रात्रभर समोरच्या फुएगोतून उसळणाऱ्या तांबड्या ठिणग्या पाहतात. आता ह्या पर्वताची उंची पाहावी : ३,९७६ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी आकातेनांगो वर उरतोच. एवढ्या उंचीवर, विषुववृत्त फार दूर नसतानाही, पहाटे पाणी गोठते. जानेवारी २०१७ मध्ये ह्याच पर्वतावर सहा माणसे मरण पावली, ती थंडीने गारठून. समोरचा डोंगर आग ओकत असावा आणि इकडे माणसे गारठून मरावीत, ह्याहून विपरीत काय असावे? पण आमच्या भगिनींनी जे भय बाळगावयाचे ते प्रथम ह्या थंडीचे.

अग्नीचे भय खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ३ जून २०१८ रोजी ह्याच फुएगोतून निघालेल्या तप्त राखेच्या लोंढ्याने पायथ्याच्या वस्तीतील शेकडो माणसे गिळली. जपानातील ऑन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, ऐन सुटीच्या दिवशी भर दुपारी, अकस्मात उद्रेक झाला आणि त्यात ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. परंतु ह्या संकटावरील उपाय पिशवीत भरण्याजोगा फारसा नाही. तेथील अधिकाऱ्यांनी डोंगर बंद आहे म्हटले की तो बंद मानावा, फुएगोच्या अंगावर जाणाऱ्या अधिकच्या फेरीस साफ नकार द्यावा, आणि राख उडत असेल तर नाकातोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी व डोळ्यांवर बंदिस्त चष्मा असावा. ज्वालामुखीची राख ही चुलीतील राखेसारखी मऊ नसते. ती काचेचा कुटलेला चुरा असते. मुलगी डोळ्यांत भिंगे घालत असेल तर त्या दोन दिवसांपुरता साधा चष्माच बरा. अग्नीसंबंधी पिशवीत भरावयाचे ते एवढेच. बाकीची सारी पिशवी रात्रीसाठी भरावयाची आहे.

आणि रात्रीसाठी पिशवी भरणे देवळ्यास बसून उत्तम शिकता येते. गावाच्या दक्षिणेस सातमाळेची जी रांग दिसते ती सर्व ज्वालामुखीचीच संतती आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस वाहिला आणि थरावर थर थिजत गेला. म्हणूनच आपल्याकडे शंकूच्या आकाराचा, माथ्यावर द्रोण असलेला पर्वत आढळत नाही. आढळतात त्या पायऱ्या. खडा कातळ, मग गवताची पट्टी, पुन्हा कातळ. ह्या खडकास भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही स्वीडिश भाषेतील पायरीच्या नावावरून आलेला आहे. ह्या रांगेतील धोडपचा किल्ला, शिवपिंडीसारख्या त्याच्या शेंडीमुळे, दुरूनही चटकन ओळखता येतो. शेंडीपासून निघालेली आणि मध्येच एक मोठी खाच पडलेली कातळाची उभी भिंत ही त्याची दुसरी खूण. भेगेतच थिजून उभ्या राहिलेल्या अशा भिंतीस डाइक ही संज्ञा आहे. उंची १,४७० मीटरांच्या आसपास. देवळ्याहून भावडबारी ओलांडून सोग्रस फाट्यावर मुंबई-आग्रा रस्त्यास लागावे, तेथून वडाळीभोई व धोडांबे करीत हट्टी गावी यावे, आणि हट्टीहून तीन तास चढावे. शेंडीच्या पोटात कोरलेल्या गुहा आहेत, देवीचे ठाणे आहे, पाण्याचे टाके आहे. जून १७६८ मध्ये राघोबादादांनी पुतण्याविरुद्ध ह्याच किल्ल्याचा आश्रय केला होता आणि माधवराव पेशव्यांनी त्यांस येथूनच धरून शनिवारवाड्यात नेऊन ठेवले. दादांचे सामान किती होते ते आम्हांस ठाऊक नाही. पण डोंगरावर फार सामान घेऊन बसणाऱ्यास घाईने निघता येत नाही, एवढे खरे.

तेव्हा आमची पहिली सूचना अशी की दिवाळीच्या पाडव्यानंतर, थंडी पडू लागली म्हणजे, कन्येने दोघी-तिघी मैत्रिणी व हट्टीचा एखादा माहितगार माणूस सोबत घेऊन धोडपच्या गुहेत एक रात्र काढावी. जे सामान आकातेनांगोवर न्यावयाचे तेच येथे न्यावे. शेंडीच्या अगदी माथ्यावर जाण्याचा हट्ट करू नये. ते दोर लावून चढणाऱ्यांचे काम आहे.

आता सामान. पण त्याआधी एक नियम सांगतो, आणि तो मातेस रुचणार नाही हे जाणून सांगतो. जो वाहणार, त्यानेच पिशवी भरावी. आपल्या घरांत प्रवासाची बांधाबांध ही आईची वा आजीची मिरास असते. गाडीच्या प्रवासात ते शोभते, कारण तेथे हमाल असतो आणि पुढच्या स्थानकावर जावई असतो. डोंगरावर मात्र लाडवाचा डबा ज्याच्या पाठीवर बसतो त्यास त्याचे वजन पहिल्याच चढणीवर कळते, आणि त्याहून वाईट म्हणजे, अंधारात कोणती वस्तू कोठे आहे हे केवळ भरणाऱ्यासच ठाऊक असते. आई देवळ्यास निजलेली आणि कानटोपी सापडत नाही, अशी स्थिती येऊ नये. आईने जवळ बसावे, विचारावे, हवे तर वाद घालावा. हात मात्र मुलीचे असावेत.

वजनाची मर्यादा आम्ही शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याची धरतो. पन्नास किलोच्या मुलीने दहा किलोंच्या वर जाऊ नये. आठांत भागले तर फारच उत्तम. पिशवी पाठीवरची हवी, कमरेस पट्टा असलेली हवी. हातात काहीही लोंबकळत नको, कारण ट्रॅपच्या त्या पायऱ्यांवर दोन्ही हात वेळोवेळी खडकास लावावे लागतात. ओझ्याचा विवेक ह्या मुलुखास नवा नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज ह्याच सातमाळेतून, कांचन-मंचनच्या बाजूने परत येत असता दाऊदखान आडवा आला. तेव्हा महाराजांनी लुटीची घोडी पुढे रवाना केली आणि लढण्यासाठी आपण मोकळे होऊन मागे राहिले. चार किलो फराळ पाठीवर घेऊन कातळ चढणाऱ्या आमच्या तरुण मंडळींनी ह्या प्रसंगाचे स्मरण ठेवावे.

पिशवीत सर्वांत जड वस्तू म्हणजे पाणी, आणि तेथे काटकसर चालत नाही. एक लिटर पाणी एक किलो भरते. त्यावर कोणतीही युक्ती नाही. चढताना दीड ते दोन लिटर लागते, रात्री एक, सकाळी उतरताना आणखी एक. म्हणजे चार लिटर, आणि तेवढ्यानेच निम्मा हिशेब संपला. धोडपवर टाके आहे ही मोठीच सोय. तेव्हा वर जाताना दोन लिटर न्यावे व उरलेले तेथे भरावे. मात्र टाक्याचे पाणी कितीही नितळ दिसो, ते उकळून किंवा पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या टाकून, त्या गोळ्यांच्या वेष्टनावर सांगितलेला वेळ थांबून मगच प्यावे. तुरटी फिरविल्याने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतात असे नाही. आकातेनांगोवर असे टाके नाही. तेथे सर्व पाणी पाठीवरून जाते, म्हणूनच तेथे ओझेवाला मिळत असेल तर खुशाल करावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि त्या डोंगराखालच्या एका घरी दोन पैसे जातात. फिरकीचा तांब्या घरी दिसावयास सुरेख आहे, तो घरीच राहू द्यावा. एका मोठ्या बाटलीपेक्षा लिटरभराच्या दोन-तीन बाटल्या बऱ्या. एक फुटली वा दरीत गेली तरी घसा कोरडा पडत नाही.

ह्यानंतर ऊब, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण घात होतो तो येथेच. हवा वर चढावे तशी सरासरीने दर हजार मीटरांस साडेसहा अंश थंड होत जाते. आता निफाडकर म्हणतील की आमचे गाव सपाटीवर असूनही नाशिक जिल्ह्यातील कडाक्याची थंडी आमच्याकडेच पडते. तेही खरे. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जड झालेली गार हवा उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते आणि सखल गाव डोंगराहूनही गार होते. पण डोंगरावर वारा क्वचितच पडतो. अंगाभोवती आपल्याच उष्णतेने तापलेली हवेची जी पातळ गवसणी असते ती वारा सारखी हिरावून नेतो, आणि म्हणून दहा अंशांतील वारा हा निवाऱ्यातील पाच अंशांहूनही बोचरा लागतो. सबब सर्वांत वर वारा अडविणारा, पाऊस न शिरू देणारा पातळ कोट हवा; जाड स्वेटर वाऱ्याच्या तोंडी चाळणीसारखा असतो. आत लोकरीचा स्वेटर, त्याच्या आत कातडीलगत घाम शोषून लवकर वाळणारा सदरा. सुती बनियन आमच्या हवेत उत्तम, परंतु डोंगरावर तीच शत्रू होते. चढताना ती घामाने भिजते, थांबल्यावर वाळत नाही, आणि ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठासारखी अंगास गार करीत राहते. लोकरीचा गुण असा की ती ओलसर झाली तरी काही ऊब राखते. आपल्या धनगराची घोंगडी ही ह्याच गुणावर शेकडो वर्षे टिकली आहे. तिचे वजन आड येते एवढेच.

ह्यावरून एक साधी रीत निघते. तळावर पोहोचल्याबरोबर, चहापाण्याच्या व छायाचित्रांच्याही आधी, अंगातील ओले कपडे काढून कोरडे चढवावेत. त्या वेळी थंडी मुळीच वाजत नसते, अंग चढणीने तापलेले असते, आणि म्हणूनच हे काम मागे पडते. तासाभराने हुडहुडी भरते तेव्हा बोटे गुंडी लावण्याच्या कामाची राहिलेली नसतात. गारठलेला माणूस प्रथम थरथरतो, मग अडखळत बोलू लागतो, मग हट्टी किंवा सुस्त होतो आणि ‘मला काही होत नाही’ असे म्हणू लागतो. सोबत्यांनी हे शेवटचे वाक्य ऐकताच त्यास आडोशाला नेऊन, कोरडे करून, मध्ये निजवावे व तो गिळू शकत असेल तर गरम गोड पेय द्यावे. रात्रीचा कोरडा जोड, म्हणजे सदरा, विजार, मोजे व कानटोपी, हा निराळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी चढताना त्यास हात लावू नये. हातमोजे विसरू नयेत.

निजावयाच्या बाबतीत आपल्याकडे सगळे लक्ष पांघरुणाकडे असते. खडकावर निजणाऱ्याने ते अंथरुणाकडे द्यावे. सातमाळेचा काळा कातळ दिवसा तापतो खरा, पण पहाटेच्या सुमारास तो अंगातील ऊब संथपणे व अखंड ओढून घेत असतो. खाली फोमची गुंडाळी हवी. ती नसेल तर वर्तमानपत्रांचे चार जाड थर व त्यावर सतरंजी. वर स्लीपिंग बॅग असावी, आणि ती विकत घेताना तिच्यावर छापलेला अंश पाहून घ्यावा. शून्य अंश लिहिले असेल तर त्या थंडीत आपण सुखाने झोपू असा अर्थ धरू नये, बहुधा जेमतेम निभेल असा धरावा. आकातेनांगोच्या तळावर अनेक वाटाडे तंबू व गाद्या देतात, कोट भाड्यानेही देतात. ते घ्यावेत, पण कातडीलगतचे कपडे, मोजे व टोपी ही आपलीच असावीत.

येथे कोणी विचारील की शेकोटी पेटविली म्हणजे झाले, एवढा खटाटोप कशास? आमचे उत्तर असे की शेकोटीवर भिस्त ठेवणे हीच ह्या विषयातील सर्वांत जुनी चूक आहे. दिवाळीनंतर सातमाळेवरील गवत वाळलेले असते आणि एक ठिणगी साऱ्या उतारास वणवा लावू शकते. तेथील गवत हट्टीच्या गुरांचा वर्षाचा चारा असतो. शिवाय कातळाच्या कपारीत आग्या मोहोळे असतात व धुराने ती खवळतात. अशा मोहोळाच्या तडाख्यात सापडलेल्यांची पळताना झालेली दुर्दशा किल्ल्यांवर फिरणाऱ्यांनी पुष्कळ पाहिली आहे. त्याच कारणास्तव अत्तर, सुगंधी तेल, केसांतील गजरा ह्यांस त्या दिवसापुरती रजा द्यावी. ऊब अंगावर घेऊन जावी. वर गेल्यावर ती निर्माण करण्याचा बेत करू नये.

उजेडाविषयी थोडक्यात. डोक्यास बांधावयाची विजेरी प्रत्येकीजवळ स्वतंत्र असावी, चौघींत दोन नव्हे. जास्तीच्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवाव्यात, कारण थंडीने त्या लवकर दमतात. मोबाइल हा उजेडाचे साधन म्हणून गणू नये. त्याची बॅटरी दुसऱ्या दिवशी घरी ‘सुखरूप उतरलो’ हे कळविण्यासाठी राखावी. आणि रात्री गुहेबाहेर जाताना विजेरी लावूनच जावे, पायांत जोडे घालूनच जावे, आणि ते जोडे घालण्यापूर्वी उपडे करून झटकावेत. आपल्या डोंगरांत विंचू आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखविल्यापासून विंचूदंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच घटले, परंतु ते औषध रुग्णालयात मिळते, धोडपच्या गुहेत नाही. सर्पदंशाचेही तसेच : चिरणे, चोखणे, आवळून बांधणे ह्यांपैकी काहीही करू नये, दंश झालेला भाग हलू न देता, माणसास धीर देत शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात न्यावे. म्हणजे औषधांची पेटी लहानच पुरे : जखमेच्या पट्ट्या, मुरगळलेल्या पायास गुंडाळावयाची लवचीक पट्टी, जलसंजीवनीच्या दोन पुड्या, आणि ज्याची त्याची रोजची औषधे. मुलींनी पाळीचे साहित्य, तारीख दूर असली तरी, घ्यावे. उंचीवर व श्रमाने ती मागेपुढे होऊ शकते. वापरलेले पॅड परत आणण्यासाठी एक गडद पिशवीही त्यातच ठेवावी.

आकातेनांगोपुरती एक गोष्ट निराळी आहे व तिच्यावर पिशवीत उपाय नाही. अडीच हजार मीटरांच्या वर विरळ हवेने डोके दुखू लागते, मळमळते, झोप लागत नाही. सावकाश चढावे, पाणी प्यावे, आणि दुखणे वाढू लागले, विशेषतः तोल जाऊ लागला वा बसल्याजागी धाप लागू लागली, तर रात्र असो वा पहाट, सूर्योदयाचा लोभ सोडून खाली उतरावे. हे धोडपवर शिकता येणार नाही. म्हणून ते दिवाळीतच मुलीकडून वदवून घ्यावे.

आता, इतका वेळ ताटकळत ठेवलेले लाडू. भगिनींनी रागावू नये, लाडू आम्ही मंजूर करतो, मात्र माणशी चार. बेसन व तूप ह्यांत थोड्या वजनात पुष्कळ शक्ती असते, आणि निजण्यापूर्वी खाल्लेला एक लाडू रात्री अंगास ऊब पुरवितो, हे अनुभवाचे आहे व शास्त्रासही धरून आहे. चकलीस मात्र आम्ही नकार देतो. ती पिशवीत चुरा होते, जागा फार खाते आणि तहान वाढविते; ज्या पाण्याचा हिशेब आपण मघाशी एवढ्या कष्टाने केला ते ती पिऊन टाकते. आमच्या मते प्रवासासाठी आपल्या आज्यांनी जे शोधून ठेवले आहे त्याहून सरस काही बाजारात नाही : दुधात भिजविलेल्या दशम्या, धपाटे, गुळपापडी, खजूर, भाजलेले शेंगदाणे व गूळ. दशमी दोन दिवस मऊ राहते, तिच्याबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी असली की जेवण झाले. भांडे नको, पाणी नको, स्टोव्ह नको. दहीभात न्यावा असे काहीजण सुचवितात. त्यांनी तो डबा चार तास पाठीवर उन्हात वाहून मग उघडून पाहावा. केळी तर बोलूच नये. एक थर्मास मात्र, जड असला तरी, आमचा आग्रह आहे. पहाटे चारच्या सुमारास, सर्वांत गार घटकेस, आल्याचा गोड चहा अर्धा पेला मिळाला की माणूस पुन्हा माणसांत येतो.

एरवी हलक्या सामानाचा धडा हवा असल्यास तो देवळेकरांच्या दारावरून दर वर्षी जातो. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले खानदेशातील भक्त ह्याच रस्त्याने जातात. खांद्यावर एक पडशी, अंगावरचे कपडे, आणि उन्हाच्या आधी पहाटेची चाल. अर्थात त्यांस वाटेत अन्नछत्रे असतात, पाण्याचे रांजण असतात, आणि ऋतू गरमीचा असतो. म्हणून त्यांची पडशी जशीच्या तशी उचलून डिसेंबरात धोडपवर नेऊ नये. पण काय लागेल आणि वाटेत काय मिळेल ह्याचा जो हिशेब त्यांच्या मनात पक्का असतो, तो शिकण्याजोगा आहे. जपानात फुजी पर्वताच्या यात्रेकरूंची हीच रीत; तेथे हाती एक लाकडी दंड घेतात आणि वाटेवरील प्रत्येक झोपडीत त्यावर तापल्या लोखंडाचा शिक्का मारून घेतात. दंड आमच्याही यादीत आहे. उतरताना, घसाऱ्यावर, तो गुडघ्यांचे रक्षण करतो. शिक्का नसला तरी चालेल.

एक वस्तू पिशवीत न भरता घरी ठेवावयाची आहे : कागद. त्यावर सोबतिणींची नावे, दूरध्वनीचे आकडे, जाण्याची व उतरण्याची वाट, हट्टीतील माहितगार माणसाचे नाव, आणि ‘अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर चौकशी सुरू करावी’ अशी वेळ लिहिलेली असावी. त्या वेळेच्या आधी आईने फोन करीत बसू नये. त्या वेळेनंतर एक क्षणही थांबू नये. आकातेनांगोस निघतानाही असाच कागद इकडे यावा. जाऊ द्यावे की नाही, ह्या भगिनींच्या प्रश्नास आमचे उत्तर ह्यातच आहे. ज्या मुलीने आपली पिशवी आपण भरली, धोडपवर वाहिली, पहाटे चारची थंडी सोसली आणि उतरून वेळेत निरोप दिला, तिला जाऊ द्यावे. आणि हे करण्यास ती कंटाळली, तर तिला परवानगी नाकारण्याची पाळी बहुधा येणार नाही. ती स्वतःच बेत बदलील.

धोडपहून परतल्यावर पिशवी लगेच रिकामी करू नये म्हणून आईने तिच्यावर नजर ठेवावी. आंघोळ व जेवण झाल्यावर मुलीने ती ओसरीवर उपडी करावी आणि तीन ढीग लावावेत : वापरले ते, वापरले नाही ते, आणि वापरले नाही पण पुन्हा नेईन ते. तिसऱ्यात जखमेच्या पट्ट्या, जास्तीच्या बॅटऱ्या व पावसाचा कोट असणार. दुसरा ढीग कपाटात जावा. बहुधा एक चौथाही निघेल, वाटेत वेचलेल्या दगडांचा. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत पांढरी, गुलाबी, पाचूसारखी हिरवी स्फटिके वाढतात व तरुण मंडळींस ती उचलण्याचा मोह आवरत नाही. ती डोंगरावरच राहू द्यावीत. पाहण्याची हौस असेल तर सिन्नरास गारगोटी संग्रहालय आहे, तेथे ती पाठीस कळ न लागता पाहता येतात.

डोंगरावरील जोडे कसे निवडावेत, ह्याविषयी दोन वाचकांनी विचारणा केली आहे. जागेच्या अभावी त्याचा विचार पुढील अंकी करू.